पुलावरचा पियानो

वाचनालयातल्या प्रतीला शेवटची अकरा पानं नव्हती.
कुणीतरी शेंगाचटणी बांधायला नेली, असं बदामीकर म्हणायचे,
आणि रजिस्टरात लाल शाईने त्यांनी लिहूनच ठेवलं होतं:
शेवट नाही.

मी ती चार वेळा तशीच वाचली.
इंग्लंडातलं गाव. दोन बहिणी, सतरा वर्षांचा अबोला.
आईचा पियानो थोरलीकडे. धाकटी कोर्टात जिंकते
आणि अख्खं गाव पियानो उचलून निघतं
ओढ्यापलीकडे, तिच्या घरी.
पुढे पाद्री, मागे खाटीक,
पोस्टमन नुसत्याच सूचना देत.
पुलाच्या मध्यावर पियानो अडकतो.
तिथे आमचं पुस्तक संपायचं.

त्यावरचा सिनेमा सोलापुरात आला तेव्हा मी कॉलेजात होते.
रविवार सकाळ, दहाचा खेळ, काळापांढरा.
बाल्कनीत इंग्रजीचे प्राध्यापक, सहकुटुंब.
खाली रात्रपाळी संपवून आलेले गिरणीवाले,
मे महिन्यात पंख्याखाली झोपायला ही जागा स्वस्त.

बाल्कनी आधी हसायची, कळल्याची पावती म्हणून.
खालचे उशिरा हसायचे, पण पोट धरून.
पोस्टमन ओढ्यात पडला
तेव्हा झोपलेल्यांतला एकजण दचकून उठला,
"काय झालं बे? परत दाखवा की!"

पियानो पुलावर आला. अडकला.
मी खुर्चीच्या कडेवर.
आणि पडदा पांढराफेक.

शेवटचं रीळ विजापूरला उतरलं होतं,
नाहीतर गदगला.
मॅनेजर दोन्ही गावं आळीपाळीने सांगत होता.
पैसे परत मिळणार नाहीत, हे मात्र एकदाच, स्पष्ट.

तेव्हा दारावरचा यल्लय्या गुंडेटी,
इंग्रजीचं एक अक्षर न येणारा,
बॅटरी घेऊन पडद्यापुढे उभा राहिला.

"बसा, बसा. पुढचं मी सांगतो की.
पेटी काय निघत नाही. पुढंबी नाही, मागंबी नाही.
पाद्री म्हणतोय, तोडा.
थोरली म्हणती, आधी मला तोडा.
मग कठड्याचे दगड काढतेत, एकेक.
कोण काढतंय? धाकटीचा नवरा.
हत्यार त्याच्याकडंच असतंय ना.
तेवढ्यात अंधार पडतोय. पेटी तिथंच.
रात्री दव पडंल म्हणून थोरली गुपचूप येती,
आपली चादर टाकती पेटीवर.
अन् पहाटे गाव बघतंय, तर चादरी दोन!"

शिट्ट्या. बाल्कनीतूनसुद्धा एक.

खरा शेवट मला पुष्कळ वर्षांनी पुण्यात मिळाला,
रद्दीच्या ढिगात, सगळ्या पानांसकट.
पियानो ओढ्यात पडतो, बहिणी हसत सुटतात,
सगळे चहाला जातात.
चांगला आहे. छापील आहे.
मी तो एकदाच वाचला.

मग जनगणनेच्या कामावर पूर्व भागात फिरत होते,
घराघरातून यंत्रमागांचा खडखडाट,
ओरडून विचारायचं, ओरडून ऐकायचं.
एका दाराशेजारची भिंत अर्धी जुनी, अर्धी नव्या विटांची.
दारात गुंडेटी. डोक्यावरचे सगळे केस गेलेले.

भिंतीचं विचारलं.
"वाटण्या झाल्या तवा माग भावाकडं गेला.
लाकडाचा, वडलांचा. दारातून निघंना.
भिंत पाडली, तर गल्लीत अडकला.
सात महिने तिथंच. लोक खालून वाकून जायचे,
नवरदेवसुद्धा वाकून गेला एक."

कधीची गोष्ट?
"तुमच्या त्या सिनेमाच्या आधीची."

आणि चादरी? मी ओरडून विचारलं.
तो खांद्यावरचा टॉवेल झटकून हसला.
"चादरी कुठल्या हो! सिनेमात असतंय तसलं."

आतून त्याची बायको तेलुगूत काहीतरी म्हणाली,
एकच वाक्य. तो हसायचा थांबला.
मला तेलुगू येत नाही.

मी फॉर्म पुढे केला. घरात माणसं किती?
त्याने पहिलं बोट दुमडलं, भावाचं नाव घेतलं.
म्हणाला, पलीकडच्या गल्लीत राहतोय तो,
पण लिहा.